आधी मास्तर बदलू दे

विमानांसाठी मोपाचा सडा सपाट केला. २०२२ साली विमानतळाचे उद्घाटनही झाले. मुलांसाठी शिकवण्याची रीत बदलायला मात्र आम्ही मास्तर तयार नाही!

माझ्याच वर्गातला एक मुलगा तोंडी हिशेब बिनचूक सांगे. वहीत अक्षरे उलटीपालटी. मी त्याला ‘ढ’ ठरवले. गुन्हा माझा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमता मान्य केली, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद केली. पण परीक्षा चार दिवसांची, वर्ग वर्षभराचा! घरी कोकणी, फळ्यावर मराठी, पुढे इंग्रजी. त्यात अक्षरच फितूर. अशा मुलाला तोंडी उत्तर देऊ द्यायला, वाळूत अक्षर गिरवू द्यायला खर्च तो काय?

पालकहो, पोराच्या गुणांआधी मास्तरांची रीत तपासा. माझ्यापासून सुरुवात करा.