किल्ली हाती असणे म्हणजे परवानगी असणे का? पेसर प्रकरणाची गोष्ट

१/ इ.स. २००८ चा सप्टेंबर महिना. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या संगणकप्रणालीकडे दर ३ सेकंदांना एक, अशा अखंड गतीने कागदपत्रांची मागणी येऊ लागली. रात्र नाही, सुट्टी नाही. मागणी करीत होती एक छोटी स्क्रिप्ट आणि ती चालवत होता २१ वर्षांचा आरोन स्वार्ट्झ. लॉगिनच्या आडचे दस्तऐवज यंत्राकरवी उतरवून घेणे हा गुन्हा, की नागरिकाचा हक्क? या प्रश्नाचा हा इतिहास, आणि त्यावरचे माझे मत.

२/ प्रणालीचे नाव पेसर. संघीय खटल्यांतील अर्ज, प्रतिज्ञापत्रे व आदेश तेथे ठेवलेले असतात. तेव्हा दर पानाला ८ सेंट मोजावे लागत. अमेरिकेत न्यायनिर्णयांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. म्हणजे शुल्क मजकुराचे नव्हते, दाराचे होते. वकिलाच्या पेढीला ते जाणवत नसे. विद्यार्थ्याला, पत्रकाराला आणि स्वतःचा खटला स्वतः लढवणाऱ्याला जाणवे.

३/ यावर उतारा म्हणून १७ ग्रंथालयांत पेसर विनामूल्य पाहण्याची प्रायोगिक सोय सुरू झाली होती. सार्वजनिक दस्तऐवज खुले व्हावेत म्हणून झटणारे कार्ल मालामूद यांनी आवाहन केले : त्या ग्रंथालयांत जा, शक्य तेवढे उतरवून घ्या आणि सर्वांसाठी खुले करा. एकेका कागदासाठी माणसाने बसून राहावे, हे स्वार्ट्झला पटले नाही.

४/ यातील तंत्र साधे आहे. लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला ‘कुकी’ नावाची खूण देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी. पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ती दाखवतो आणि सर्व्हर पुन्हा ओळख विचारत नाही. स्क्रिप्टही तोच बिल्ला दाखवते, एक कागद उतरवते, पुढच्या क्रमांकाकडे वळते. सॅक्रामेंटोच्या एका ग्रंथालयाच्या खात्याची कुकी वापरून हे काम ग्रंथालयाबाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवरून चालले होते.

५/ काही आठवड्यांत सुमारे २ कोटी पाने बाहेर आली. सप्टेंबरअखेर न्यायालयांनी प्रयोगच थांबवला. एफबीआयने चौकशी आरंभली. तिच्या टिपणात १ कोटी ८० लाखांहून अधिक पानांचे मोल सुमारे १५ लाख डॉलर धरले आहे. एप्रिल २००९ मध्ये आरोप न ठेवता चौकशी बंद झाली.

६/ पुढचे प्रकरण अधिक ठाऊक आहे. २०१०-११ मध्ये त्याने एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोर या संग्रहातील लाखो शोधनिबंध अशाच रीतीने उतरवले. या वेळी १९८६ च्या संगणक गैरवापर कायद्याखाली खटला उभा राहिला. जेस्टोरने त्याच्याशी तडजोड केली होती, तरी सरकारने खटला सोडला नाही. २०१२ च्या सुधारित आरोपपत्रात १३ आरोप होते. जानेवारी २०१३ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने आयुष्य संपवले.

७/ माझे म्हणणे असे की, या वादात तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंफले गेले. दस्तऐवज कोणाचे? किल्ली कोणासाठी दिली होती? आणि वेगाने कोणाचे नुकसान झाले? पेसरबाबत पहिल्याचे उत्तर स्वार्ट्झच्या बाजूने आहे : न्यायालयाचे कामकाज जनतेचे. दुसऱ्याचे तसे नाही. ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्यासाठी दिलेली किल्ली बाहेर नेली गेली.

८/ त्या दुसऱ्या प्रश्नाची किंमत भलत्यानेच मोजली. १७ ग्रंथालयांतील सामान्य वाचकाची सोय गेली. स्क्रिप्टचे कौतुक करताना हा वाचक सहसा कोणाला आठवत नाही. आठवायला हवा. अर्थात, एका खात्याची मुभा काढून घेण्याऐवजी सर्वांचे दार लावणे, हा निर्णय प्रशासनाचा होता.

९/ तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच मान्य केले होते की, ठिकठिकाणच्या दप्तरांत विखुरलेली माहिती आणि एकत्र गोळा केलेली माहिती सारखी नसते. विखुरलेपणातही खासगीपणाचे रक्षण असते. आपल्याकडचा सातबारा पाहा. एकेक उतारा कोणालाही पाहता येतो, ते योग्यच. पण जिल्ह्याचे सर्व उतारे एका रात्रीत जमीन-दलालाच्या हाती पडणे ही निराळी घटना आहे.

१०/ मात्र पेसरची पाने तपासताना मालामूद यांना झाकायला हवे होते असे सामाजिक सुरक्षा क्रमांक उघडे आढळले आणि त्यांनी ते न्यायालयांच्या निदर्शनास आणले. शुल्काच्या भिंतीने ती माहिती झाकलेली नव्हती. पैसे मोजणाऱ्याला ती आधीपासून खुली होती.

११/ पुढे काय झाले? २००९ मध्ये प्रिन्स्टनच्या अभ्यासकांनी ‘रीकॅप’ काढले. पेसरचे रोमन स्पेलिंग उलटे वाचले की हेच नाव मिळते. पैसे भरून घेतलेला कागद त्यातून आपोआप सर्वांसाठी खुला होतो. तीच ओढ, पण स्वतःच्या किल्लीने. पुढे शुल्काचा पैसा इतर कामांकडे वळवल्यावरून दावा झाला. २०२४ मध्ये १२.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. दर पानाचे शुल्क मात्र मधल्या काळात १० सेंट झाले होते.

१२/ आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हाही याच वाटेवर उभा आहे. कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून माहिती उतरवून घेतल्यास भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरपाई आणि कैद यांच्यामध्ये हेतूची रेघ आहे. ती पुसली जाऊ नये.

१३/ म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आधी विचारावे : हा बिल्ला मला कशासाठी दिला होता? आणि दप्तर सांभाळणाऱ्याने विचारावे : जे जनतेचे आहे, ते खासगी तपशील झाकून एकगठ्ठा देण्याची वाट मी ठेवली आहे का? पहिला प्रश्न आपण तरुणांना वारंवार विचारतो. दुसरा मात्र कार्यालयांना क्वचितच विचारतो.

धागा समाप्त.