प्रसंग सरल्यानंतर

‘प्रासंगिक’ हे विशेषण आपल्या समीक्षेत बहुधा उणेपणा दाखवण्यासाठीच येते. कविता एकदा प्रासंगिक ठरली की तिच्याविषयी अधिक बोलण्याचे कारण उरत नाही, असा समज वर्गातही रूढ आहे. हा समज तपासण्यासाठी आम्ही मुद्दाम साहित्याबाहेरचे उदाहरण घेत आहोत. ते म्हणजे विल्यम वॉल्टन या इंग्रज संगीतकाराचा ‘क्राउन इम्पीरिअल’ हा राज्याभिषेकाचा मार्च.

१२ मे १९३७ ही तारीख ठरली होती आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने राज्यत्याग केला. तारीख तीच राहिली, राजा बदलला. वेस्टमिन्स्टर ॲबीत मुकुट चढला तो सहाव्या जॉर्जच्या मस्तकी, आणि त्या सोहळ्यात हा मार्च वाजला. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकात आणि २०११ मध्ये राजपुत्र विल्यमच्या विवाहातही तो वाजला.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे राजघराण्याचेच प्रसंग. रचना तगली ती थाटामाटामुळे. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांला हर्बर्ट मरिल यांनी केलेल्या एकल पाइप ऑर्गनच्या रूपांतरात सापडते. येथे वाद्यवृंद नाही, नगारे नाहीत. दोन हात आणि दोन पाय चालवणारा एकच वादक आहे.

आपल्या संगीत नाटकांना साथ करणारा ऑर्गन धातूच्या पट्ट्यांतून वाजे. हा नळ्यांतून वाजतो. त्याची पट्टी जोराने दाबली काय किंवा हलकेच दाबली काय, स्वराची तीव्रता बदलत नाही. मग मार्चला आवश्यक असलेले पावलाचे वजन आणायचे कोठून? वादक ते काळातून आणतो. वजनदार स्वराच्या आधी तो निमिषभर मौन ठेवतो आणि तो स्वर पुरेपूर लांबवतो. आघाताचे काम अवधी करतो. लघु-गुरूंच्या मापावर उभी असलेली आपली वृत्ते शिकलेल्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. नगाऱ्यांचा आधार गेल्यावर रचनेची स्वतःची चाल उघडी पडते. मधल्या भागातील संथ, विस्तीर्ण धून अखेरीस पूर्ण वैभवाने परतते, तेव्हा ते परतणे आपल्याला पटते. डोळ्यांपुढे मिरवणूक नसतानाही ते पटते.

तो मुकुट १९३७ मध्ये आपल्या देशावरही होता, हे आम्ही विसरलेलो नाही. शीर्षकातील ‘इम्पीरिअल’ हा शब्द भारतीय कानाला निर्दोष वाटणे शक्य नाही आणि वाटूही नये. परंतु एखाद्या रचनेचे सामर्थ्य मान्य करणे म्हणजे तिने गौरवलेल्या सत्तेपुढे मान तुकवणे नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांना शिकवता आला नाही, तर दरबारी काव्याचा मोठा भाग आपण न वाचताच बाद करू, किंवा भाबडेपणाने डोक्यावर घेऊ.

म्हणून प्रासंगिक कवितेला विचारायचा प्रश्न असा: प्रसंगाचे नगारे थांबल्यावर तिची चाल टिकते का? अनेक कविता या परीक्षेत नापास होतील. आमचे म्हणणे इतकेच की, परीक्षा घेण्यापूर्वी निकाल लावू नये.