खुरपणीचा रोज आणि चोर बीटी

जैवतंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मोठ्या शहरातल्या शास्त्रज्ञांचा विषय, आपला काय संबंध? पण मैत्रिणींनो, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या आमच्या सोयगावात तो सरकीच्या पाकिटातून कधीच घरात शिरलाय. बोंडअळीला मारणारा बीटी कापूस 2002 मध्ये रीतसर परवानगीनं आला. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पचवून बसली. 2017 च्या हंगामात तिनं काय केलं, ते कापूसवाल्या घरांना सांगायला नको.

आता प्रश्न दुसऱ्या बियाण्याचा आहे. तणनाशक फवारलं तरी हा कापूस मरत नाही, भोवतीचं तण तेवढं मरतं. परवानगी नसताना विकलं जाणारं हे बियाणं म्हणजेच 'चोर बीटी'. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरलं. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य द्या, ही त्यांची मागणी. पर्यावरणवाल्यांनी विरोध केला. दोन्हीकडची भाषणं झाली, पण खुरपं धरणारीला कुणी विचारलं?

खुरपणी बहुतेक बायकाच करतात. शेतमालकीण म्हणते, पावसाची झड लागली की मजूर मिळत नाही, खर्च परवडत नाही. खरंच आहे. मजूर बाई म्हणते, त्या रोजावर माझं तेल-मीठ आणि पोरांच्या वह्या येतात, तोच गेला तर? तेही खरंच. आणि आपल्याकडे कितीतरी जणी दोन्ही आहेत, आज स्वतःच्या दीड एकरात मालकीण, उद्या दुसऱ्याच्या रानात रोजानं. मग ही बाई कुणाच्या बाजूनं बोलणार?

म्हणून 'निसर्गाच्या विरुद्ध आहे का' या वादात मला फारसा रस नाही. तो वाद लवकर तापतो आणि काहीच ठरत नाही. मी साधं विचारते: फायदा कुणाच्या पदरात, तोटा कुणाच्या? ग्लायफोसेट हे तणनाशक कापसाला सोडतं, पण अंगावर उडालं तर ओळीतल्या तुरी-मुगाला सोडत नाही. तांदुळजा, घोळ या फुकटच्या भाज्याही जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये ग्लायफोसेटला 'कर्करोग होण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलं. काही देशांच्या नियामकांना ते पटलेलं नाही. हा मतभेद आपल्यालाही समजायला हवा की नको? पाकीटच चोरून येत असेल, तर बियाणं फसल्यावर दाद तरी कुठे मागणार?

उघड चर्चा होऊ शकते. बीटी वांग्यासाठी 2010 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. त्यानंतर फेब्रुवारीत त्या वांग्याला स्थगिती दिली. निर्णय पटो न पटो, लोकांना बोलता आलं. पण सोयगावची बाई रोज बुडवून नागपूरला जाणार कशी?

आपल्या गावागावांत ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. ती बहुतेकदा सह्यांपुरतीच उरते. खुरपणीच्या दिवसांतली सभा मात्र सोडू नका. कृषी सहायकाला बोलवा, मालकीण आणि मजूर दोघींना पुढे बसवा, आणि पहिला प्रश्न मजूर बाईला विचारू द्या.