पळसाखालीही व्याकरण येतं



‘हिंदीचा तास की सहल?’ हे पत्र वाचलं. फुलं-पाखरं आणि सणवार दाखवून मुलांना हिंदी येत नाही, त्यासाठी व्याकरण घोटूनच घ्यावं लागतं, असं पत्रलेखकांचं म्हणणं. मी पाचवी-सहावीला हिंदी शिकवते. मला ते पटलं नाही.

होळीच्या सुमारास पळस फुलतो. ब्रज भागात त्याला टेसू म्हणतात, त्याच्या फुलांपासून होळीचा रंग करतात. आम्ही वर्गात तेच केलं. फुलं उकळली, गाळली, केशरी पाणी पांढऱ्या रुमालावर टाकून पाहिलं. एकजण ‘पानी गरम हुई’ म्हणाला, तर बाकीच्यांनी ‘हुआ, हुआ’ अशी कोल्हेकुईच सुरू केली! मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोनच. आपली मुलं नेमकी नपुंसकलिंगी शब्दांपाशी अडखळतात. लिंगांचा तक्ता फळ्यावर यायलाच हवा, पण या गलक्यानंतर.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र खरा. बरेचदा शिक्षक सगळी माहिती मराठीत सांगतात, मुलं पक्ष्यांची हिंदी नावं वहीत उतरवतात आणि त्याला ‘उपक्रम’ म्हणायचं. (फोटो झकास येतात.) ती सहलच.

भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेनं १९८५ साली सुरू केलेलं ‘चकमक’ हे हिंदी मासिक पत्रलेखकांनी जरूर चाळावं. त्यात विज्ञान आहे, गोष्टी आहेत, मुलांनी स्वतः लिहिलेलंही असतं. आमच्या वर्गात त्याच्या अंकांवरून भांडणं होतात. भांडणं मराठीत, वाचन हिंदीत.

– एक हिंदी शिक्षिका, सातारा