कामगाराचे दोन डॉक्टर आणि मधली भिंत

दगडखाणीत वा फाउंड्रीत वर्षानुवर्षे राबलेला कामगार खोकला आणि धाप घेऊन वस्तीतील आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसतात आणि क्षयरोगाचे उपचार सुरू होतात. पुष्कळदा हे निदान योग्यही असते. परंतु कित्येकदा ते डाग सिलिकाच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसावर उमटवलेल्या व्रणांचे असतात. सिलिकोसिस हे त्या व्याधीचे नाव. औषधे संपतात, धाप मात्र वाढत जाते आणि कामगार पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो.

हा दोष डॉक्टरच्या बुद्धीचा नव्हे. तो तुटलेल्या दुव्याचा आहे. कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला धूळ ठाऊक असते. पण कामगाराचा रात्रीचा खोकला त्याच्या कानी येत नाही. फॅमिली डॉक्टर तो खोकला ऐकतो. पण धुळीची त्याला वार्ता नसते. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत ‘तुझा व्यवसाय कोणता?’ या प्रश्नाची भर घाला, असे त्याने सांगितले. तीन शतके उलटली, तरी दवाखान्यांतील केसपेपरवर या प्रश्नाला अद्याप हक्काची जागा मिळालेली नाही.

वास्तविक हा एक प्रश्न बरेच काही उलगडतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशीच सूतगिरणीतील कामगाराची छाती आवळत असेल, तर साध्या दम्यापेक्षा कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचा संशय प्रथम यावयास हवा. बॅटरीच्या कामातील माणसाची पोटदुखी आणि रक्तक्षय शिशाच्या विषबाधेतून उद्भवलेला असू शकतो. तेथे आम्लपित्ताच्या गोळ्या काय करणार?

कायद्याने ही जबाबदारी पूर्वीच निश्चित केली आहे. 1948 च्या कारखाना कायद्यातील कलम 89 नुसार, अनुसूचीतील व्यवसायजन्य रोग आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो मुख्य कारखाना निरीक्षकांना कळविणे बंधनकारक होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हे कर्तव्य कायम आहे. नोंदच झाली नाही, तर कामगाराला भरपाई कशाच्या आधारे मिळणार? शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्याचे रक्षण तरी कसे होणार? सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. माणसाला वेळीच धुळीपासून दूर करणे हाच खरा उपाय होय.

मात्र सहकार्याच्या मार्गात एक रास्त भीती आहे. कारखान्याचा डॉक्टर मालकाचा पगारी असतो. आजार उघड झाला तर नोकरी जाईल, या धास्तीने कामगार मौन पाळतो. म्हणून या देवाणघेवाणीला मर्यादा हवी. कामगार कोणत्या पदार्थाच्या संपर्कात किती वर्षे होता आणि त्याच्या श्वसनक्षमतेच्या व श्रवणशक्तीच्या तपासण्यांचे निष्कर्ष काय, हे सारे कामगाराच्या हाती असलेल्या आरोग्यपुस्तिकेत नोंदवावे. ती पुस्तिका तो स्वतः आपल्या डॉक्टरला दाखवील. उलट दिशेने, कामगाराच्या संमतीवाचून निदान मालकापर्यंत जाता कामा नये. कोणते काम झेपेल आणि कोणते टाळावे, एवढेच कळविणे पुरेसे आहे. निरीक्षकांना द्यावयाची कायदेशीर सूचना ही सर्वस्वी निराळी बाब होय.

ज्या लहान खाणींत वा कार्यशाळांत वैद्यकीय अधिकारीच नाही, तेथे तर फॅमिली डॉक्टर हाच एकमेव पहारेकरी ठरतो. त्याला एकटे सोडणे परवडणारे नाही. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, मुंबईतील केंद्रीय श्रम संस्था आणि गावोगावच्या डॉक्टरांच्या संघटना यांनी एकत्र येऊन औद्योगिक वसाहतींलगतच्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षणवर्ग घ्यावेत. संशयित रुग्ण कोणाकडे पाठवावा आणि सूचनापत्र कसे भरावे, हे त्यांना ठाऊक असावे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती. राष्ट्राच्या समृद्धीची शिखरे ज्यांच्या श्रमावर उभी राहतात, त्यांचा श्वास अपुऱ्या केसपेपरमुळे कोंडावा, हे कोणत्याही समाजाला भूषणावह नाही.