सीट सोडून घरी यावे का?

रात्री साडेअकराला फोन आला. आवाज दबलेला होता, वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभी राहून बोलत असावी. "जय भीम ताई. एक विचारू? मी सीट सोडून घरी आले तर वस्तीतले लोक काय म्हणतील?"

मुलगी आपल्याच शहरातली. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. वडील जाधववाडीच्या मोंढ्यात हमाली करतात. घरातली पहिली पदवीधर, वस्तीतली पहिली डॉक्टर. अखिल भारतीय कोट्यातून दुसऱ्या राज्यात एमडीची सीट मिळाली तेव्हा चौकात बॅनर लागला, विहारात सत्कार झाला. त्या सत्कारात "आता मागे वळून पाहू नकोस" असे मीच माइकवर बोलले होते. त्यानंतर तिच्या आईची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. न्यायला-आणायला धाकटा भाऊ, त्याची यंदा बारावी. आणि तिकडे वॉर्डात सिनियर तिला पेशंटसमोर रँक विचारतात, मग "कोटा" म्हणून हसतात.

तिचा पहिला प्रश्न साधा होता. आपल्या घाटीत, नाहीतर मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी कॉलेजात बदली मिळेल का?

मिळत नाही. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्याचे स्थलांतर होणार नाही. त्याआधी वैद्यकीय परिषदेच्या काळातही हाच नियम होता. म्हणजे आपल्याकडे "बदली घ्यावी का" हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो "सोडावे का" हा प्रश्न. सोडायचे तर सीट लीव्हिंग बाँडचा दंड भरायचा. राज्याराज्यांत रक्कम वेगळी, पण बोलणी लाखांतच. वर पुन्हा नीट-पीजी, पुन्हा काउन्सेलिंगच्या फेऱ्या. ज्याच्या बापाकडे फ्लॅट आहे तो दंड भरून मोकळा होतो. हमालाची मुलगी मोकळी होऊ शकत नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, पण त्याची किंमत सारखी नाही. समाजशास्त्रात आम्ही हे पुस्तकातून शिकलो, ती ते ड्युटीवर शिकते आहे.

इथे डॉ. पायल तडवीची आठवण येणे अटळ आहे. जळगावची आदिवासी मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात शिकत होती. 22 मे 2019 रोजी ती गेली. तिघी वरिष्ठ महिला डॉक्टरांवर अ‍ॅट्रॉसिटी, रॅगिंगविरोधी कायदा आणि आत्महत्येस प्रवृत्त करण्याच्या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. पुढे या तिघींनी आपले शिक्षण पूर्ण करू द्यावे म्हणून कोर्टात दाद मागितली. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दुसऱ्या कॉलेजात जाता येत नाही, कोर्स आहे तिथेच पूर्ण करावा लागतो, हा नियम त्या सुनावणीत पुढे आला. 8 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटी घालून त्याच कॉलेजात परत जाण्याची परवानगी दिली. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपीला शिकण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न नियमाला आहे. जाच सहन करणाऱ्याला हा नियम बाहेर पडू देत नाही, आणि आरोप असलेल्याला त्याच दारातून आत येण्याचा रस्ता देतो. असा नियम कोणाच्या सोयीचा आहे?

पण याच प्रकरणातून आपणही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पायल परराज्यात नव्हती. पती त्याच शहरात डॉक्टर होते. आई उपचारासाठी त्याच रुग्णालयात येत होती. घरच्यांनी आपण तक्रारी केल्या होत्या असे वारंवार सांगितले आहे. म्हणजे घर जवळ असणे हे जातीवरचे औषध नाही. मराठवाड्यातल्या वॉर्डातही आडनाव विचारले जाते, उलट इथे ते विचारावेही लागत नाही.

म्हणून त्या मुलीला मी म्हणाले, "बाळा, दोन कागद घे. एकावर लिही, घर मला का ओढतंय. दुसऱ्यावर लिही, वॉर्ड मला का ढकलतोय." दोन्ही दुःखे खरी आहेत, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. ती एकत्र केली की माणूस राजीनाम्यापर्यंत येतो आणि जाच करणारे नामानिराळे राहतात.

ढकलण्याच्या कागदावर तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार लिहायचे. तोंडी तक्रार करायची नाही. लेखी द्यायची, पोच घ्यायची, प्रत घरी पाठवायची. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 देशभर चालते. लोकांसमोर जातीवरून अपमान केला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा राज्याची सीमा पाहत नाही. तक्रार केल्यावर सीट सोडायची की नाही हे नंतर ठरवता येते. आधी सीट सोडली तर तक्रारीत दम राहत नाही.

ओढण्याच्या कागदावर हिशेब मांडायचा. किती दिवस घरी लागणार? कोणासाठी? 2023 च्या नियमावलीत वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा आहे, साप्ताहिक सुट्टीही लिहिलेली आहे. त्यापेक्षा जास्त रजा घेतली तर कोर्स तेवढा लांबतो. लांबू द्यावा. तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम सगळ्यांना सक्तीचा आहे. तो घराच्या जवळच्या जिल्हा रुग्णालयात मिळावा म्हणून अर्ज करावा. मान्य होईलच असे नाही, पण अर्ज न करता "नाही" गृहीत धरू नये. हे सगळे करूनही श्वास घेता येत नसेल, तर सोडून यावे. जीव राहिला तर परीक्षा पुन्हा देता येते.

आपल्यातले काही कार्यकर्ते यावर चिडतील. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते आणि आजची पोरं आईच्या आठवणीने रडतात" हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवर ऐकले आहे. मग बाबासाहेबांचेच उदाहरण पूर्ण सांगा. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. 1920 ला ते परत गेले, 1921 ला एमएस्सी, 1923 ला डीएस्सी. त्यांची जिद्द आपण सांगतो, ती मुभा सांगायला विसरतो. आज ती मुभा आमच्या मुलांना कुठे आहे?

आपण मागायला हवी ती हीच मुभा. मागणी अवास्तव नाही. पहिल्या वर्षाअखेर, त्याच विषयात, त्याच प्रवर्गात, रिकाम्या जागेवर बदली. कारणे मोजकी: जातीय किंवा लैंगिक छळाची लेखी तक्रार, स्वतःचा गंभीर आजार, आई-वडील किंवा मुलाचा गंभीर आजार. कोणी म्हणेल, मग सगळे मोठ्या शहरांकडे पळतील. म्हणूनच रिकाम्या जागेची अट आहे. आणि रिकाम्या जागा असतात. 2023 साली त्या भरण्यासाठी नीट-पीजीची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. सीट वाया जाऊ नये म्हणून एवढे करता येते, तर डॉक्टर वाया जाऊ नये म्हणून एक नियम बदलता येत नाही? सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाची बदली होते, मग विद्यार्थ्याचीच का नाही?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना सीट लीव्हिंग बाँड रद्द करण्याबाबत कळवले. त्याच वर्षी त्यांच्या कृती दलाने रेसिडेंटची ड्युटी आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त नको अशी शिफारस केली. त्यांच्याच सर्वेक्षणात सुमारे 31 टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे सांगितले. म्हणजे व्यवस्थेला आजार माहीत आहे. मार्डच्या संपात विद्यावेतन आणि वसतिगृह असते. त्या यादीत बदलीचा नियम घाला, म्हणून आपल्या रेसिडेंट मित्रांनी आग्रह धरावा. आपल्या संघटनांनी निवेदने द्यावीत.

शेवटी आपल्याबद्दल. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. तिच्या बॅनरवर माझ्यासकट सतरा जणांचे फोटो होते. तिच्या आईला डायलिसिसला नेणारा त्यातला एकही नव्हता. आपण मुलगी समाजाला अर्पण केल्यासारखी पाठवतो, टाळ्या वाजवतो आणि तिचे घर तिच्याच डोक्यावर ठेवतो. मग ती परत यायचे म्हणाली की आपल्याला वाईट वाटते, बॅनर आठवतो.

दुसऱ्या दिवशी विहारात हा विषय काढला. आता मंगळवार आणि शुक्रवार चौघांनी वाटून घेतले आहेत. भाऊ अभ्यासिकेत बसतो. तिने लेखी तक्रार दिली आहे आणि रजेचा अर्जही. सीट ठेवायची की सोडायची हे तिने अजून ठरवलेले नाही. ती ठरवेल. मी तिला एवढेच सांगितले की, तू आलीस तर स्टेशनवर घ्यायला आम्ही येऊ, आणि तेव्हा माइक कोणाच्या हातात नसेल.

असा फोन तुमच्याकडे आला तर सल्ला देण्याआधी तिच्या घरी कोण आजारी आहे ते विचारा. आणि तुम्ही स्वतः त्या जिन्यात उभे असाल, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. लाजू नका, फोन करा.

जय भीम!