कॉक बंद ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

आमच्या बाबांची 1981 सालची येझदी उभ्या उभ्या पेट्रोल पिते, हा आमच्या घरातला जुना विनोद. गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, हे मी सायकल शिकायच्या आधी शिकलो असेन. विसरलं की सकाळी कार्बोरेटरखाली ओलं. पेट्रोल उडून जायचं आणि त्यात मिसळलेल्या टू-स्ट्रोक ऑइलचा काळा डाग फरशीवर राहायचा. पार्किंगमधला तो डाग पाहून कुणीही सांगेल की इथे येझदी उभी असते.

गेल्या पावसाळ्यात मात्र एका संध्याकाळी मी कॉक आठवणीनं बंद केला, वर आलो, चहा घेतला, आणि तासाभरात खालून तळमजल्यावरच्या आजींची हाक आली. "अरे, तुझ्या गाडीचा वास येतोय बघ." खाली गेलो तर पेट्रोलची बारीक रेघ फरशीच्या उतारानं थेट त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली, आणि आजी दाराशी दिवा लावायला काडेपेटी हातात घेऊन उभ्या!

काही झालं नाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता जमिनीलगत पसरते, हे शाळेत वाचलेलं वाक्य मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. त्या दिवशी तो विनोद संपला.

आता आधी हे ओव्हरफ्लो प्रकरण काय असतं ते सांगतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक सगळ्यांनी पाहिलाय. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि पाणी बंद होतं. कार्बोरेटरच्या वाटीत नेमकं हेच असतं. गोळ्याच्या जागी पितळेचा पोकळ फ्लोट, आणि तो वर आला की फ्लोट पिन आपल्या सीटवर बसून पेट्रोल अडवते. अडवलं नाही तर पेट्रोल वाटीतून बाहेर, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिनात. मग प्लग ओला, आणि तुम्ही घामानं ओले, किका मारून मारून.

गंमत म्हणजे जावा-येझदीवर हाच दोष गाडी सुरू करायची रीतही आहे. थंड इंजिन असेल तर कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबायचं. ते फ्लोटला खाली ढकलतं, थोडं पेट्रोल जास्त येतं, मग किक. म्हणजे जी गाडी रोज सकाळी मुद्दाम ओव्हरफ्लो करायची, तिचा ओव्हरफ्लो कोण मनावर घेणार? "जुनी गाडी आहे, चालायचंच," हे वाक्य इथूनच जन्माला आलं असावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चालायचं नाही. पेट्रोल अडवायला दोन दारं आहेत, फ्लोट पिन आणि कॉक. पहिलं दार मोडलं म्हणून आपण दुसऱ्यावर भिस्त ठेवतो, आणि दुसरं टिकलं म्हणून पहिलं दुरुस्त करत नाही. मग एक दिवस दुसरंही मोडतं, आणि त्या दिवशी मध्ये काहीच उरलेलं नसतं.

आम्हा आयटीवाल्यांना हे नवीन नाही. कुठल्यातरी प्रोग्रामला मेमरी लीक असतो, तो शोधायला वेळ नसतो, म्हणून रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करणारा जॉब लावला जातो. तो लावणारा नोकरी बदलून जातो. तीन वर्षांनी लाँग वीकएंडला तो जॉब चालत नाही आणि मग सगळे विचारतात, अचानक काय झालं? अहो, अचानक काहीच झालं नाही. गळत तर तेव्हापासूनच होतं.

तरीही स्वतःच्या गाडीवर मी तेच केलं, हे कबूल करतो. पहिल्या शनिवारी नवीन फ्लोट पिन टाकली. आठ दिवस छान, नवव्या दिवशी पुन्हा ओलं. चिडून दोन हजारांचा अख्खा नकली कार्बोरेटर मागवला. गाडीचा पिकअप गेला, आयडलिंग टिकेना, आणि तिसऱ्या दिवशी तोही गळायला लागला. तेव्हा ट्यूब पेटली. दोन वेगवेगळे कार्बोरेटर एकाच पद्धतीनं बिघडत असतील तर दोष त्यांच्या वर कुठेतरी आहे.

वर म्हणजे टाकी. मोबाइलचा टॉर्च टाकीत मारला तर आत गंजाचे पापुद्रे. गंजाचा एक कण पिन आणि सीटच्या मध्ये अडकला की खेळ खलास. (याची परीक्षा सोपी आहे. गळत असताना वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करा. थांबलं तर कचरा आहे.) त्यात 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या लोखंडी टाकीला ते मानवत नाही. जुन्या रबरालाही नाही.

टाकी साफ केली, नळीत फिल्टर घातला, जुना कार्बोरेटर परत बसवला. गळती कमी झाली, थांबली नाही. शिवाय एक विचित्र गोष्ट होती. चालवताना अजिबात नाही, उभी केली की गळते. यावर डोकं खाजवत मी आमच्या मेकॅनिक चाचांकडे गेलो. ते हसले. "भाऊ, चालताना इंजिन पितं ना. थोडं जास्त आलं तर कळणार कसं?" बरोबर! बारीक गळती चालत्या इंजिनात लपते. ती दिसते फक्त पिणारं कुणी नसताना.

मग त्यांनी फ्लोट काढून कानाजवळ हलवला. आत थेंब वाजला. चूल-गॅसपासून लांब, अंगणात, बादलीतल्या कढत पाण्यात फ्लोट बुडवून धरला आणि त्याच्या सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. सुईच्या टोकाएवढं भोक. आत पेट्रोल शिरून फ्लोट जड झाला होता, म्हणून उशिरा वर यायचा. आतलं सगळं पेट्रोल उडेपर्यंत थांबून मगच त्यावर सोल्डरचा अगदी छोटा ठिपका दिला. (वाफ आत असताना सोल्डरिंग केलं तर फ्लोट फुटतो. आणि सोल्डर जास्त झालं तर फ्लोट पुन्हा जड, म्हणजे पुन्हा ओव्हरफ्लो.) शेवटी कॉक. नळी काढून, कॉक बंद करून, खाली पांढरा कागद ठेवला. अर्ध्या तासात चार थेंब. आतलं रबर लाकडासारखं कडक झालेलं. ते बदललं.

म्हणजे गंज, फ्लोट आणि कॉक, असे तीन छोटे दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली असती तर दोन हजार आणि तीन शनिवार वाचले असते.

मी चाचांना विचारलं, इतकी वर्षं तुम्ही "कॉक बंद करत जा" एवढंच का सांगत होतात? ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला सहा वाजता गाडी पायजे, आणि पैशे द्यायचेत पिनेचे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधण्याचे पैसे आपण देत नाही, पार्टचे देतो. मग पार्टच बदलले जातात.

आणि शोधणारे हात कमी होणार आहेत. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2022 मध्ये परत आलेली येझदी फ्युएल इंजेक्शनची आहे. एप्रिल 2020 च्या बीएस-6 नंतर नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. नव्या मुलाला फ्लोट कानाशी हलवून बघायला कोण शिकवणार? जुन्या गाडीचा फक्त फोटो काढायचा असेल तर हरकत नाही. चालवायची असेल तर तिचं ऐकायला लागेल, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या वेळाचे पैसे द्यायला लागतील.

असो. गेले चार महिने कार्बोरेटरखाली पांढरा कागद ठेवतोय. कोरडा आहे. कॉक मात्र अजूनही रोज बंद करतो. सवय म्हणून ती उत्तमच आहे :-) आणि तळमजल्यावर दिवा वेळेवर लागतो.